किल्ले सोडले, नाद नाही

‘नेव्हर गिव्ह अप’ हे शब्द आता मराठीत जमा धरायला हरकत नाही. टी-शर्टवर असतात, व्यायामशाळेच्या भिंतीवर असतात, रिक्षाच्या मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’च्या खाली असतात आणि बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की क्लासवाल्या सरांच्या स्टेटसलाही येतात. खाली बहुतेक वेळा विन्स्टन चर्चिलचं नाव आणि ओठांत चिरूट धरलेला तो गोल चेहरा. चर्चिल एवढंच बोलला आणि खाली बसला, अशी एक गोष्टही सोबत फिरत असते.

तो हे बोलला नव्हता, आणि एवढ्यावर खालीही बसला नव्हता. २९ ऑक्टोबर १९४१ रोजी तो हॅरोला गेला होता, स्वतः जिथे शिकला त्या शाळेत. युद्ध ऐन भरात होतं. मुलांपुढे त्याने रीतसर भाषण केलं आणि त्यात त्याचे शब्द होते ‘नेव्हर गिव्ह इन’. ‘नेव्हर’ त्याने पुन्हा पुन्हा घोळवला, हे मात्र खरं. पाठोपाठ त्याने एक अपवादही सांगितला होता: आत्मसन्मान आणि सारासार विचार यांना जे पटेल, त्याच्यापुढे नमायला हरकत नाही. हा अपवाद भिंतीवर कुणी रंगवत नाही. जागा पुरत नसावी. त्याच भाषणात आणखी एक गंमत आहे. शाळेच्या गाण्यात त्याच्या सन्मानार्थ एक कडवं जोडलं होतं, त्यात ‘डार्कर’ दिवस असा शब्द आला होता. तो बदलून ‘स्टर्नर’ करू या, हे दिवस काळे नाहीत, कठोर आहेत, असं त्याचं म्हणणं. एका विशेषणासाठी अडून बसलेल्या माणसाचं अख्खं क्रियापद आपण बदलून टाकलं.

‘इन’ आणि ‘अप’मध्ये एवढा काय फरक, असं कुणी विचारेल. बराच आहे. ‘गिव्ह इन’ करायला समोर कुणीतरी लागतं. दुकानात मुलाने फरशीवर लोळण घेतली आणि चारचौघांत शोभा नको म्हणून तुम्ही ते खेळणं घेऊन दिलंत, ते ‘गिव्ह इन’. शब्दकोडं सुटेना म्हणून पेन खाली ठेवलंत, ते ‘गिव्ह अप’. शब्दकोड्याने तुमच्यावर जबरदस्ती केलेली नसते. पहिल्यात दुसऱ्याची ताकद मोजलेली असते, दुसऱ्यात आपलीच. हिटलर समोर असताना चर्चिलने ‘इन’ का म्हटलं, ते त्यामुळे लगेच कळतं. आणि व्यायामशाळेच्या भिंतीला ‘अप’ का लागतं तेही. तिथे समोर फक्त आरसा असतो.

मी भाषांतरं करून पोट भरते. त्यात परदेशी मालिकांची सबटायटल्स बरीच येतात, आणि अशा मालिकांत दर भागात कुणीतरी कुणाला तरी ‘डोन्ट गिव्ह अप’ म्हणतंच. याचं मराठी ठरून गेलं आहे: ‘हार मानू नकोस’. चूक नाही. पण हे मराठी हिंदीच्या गल्लीतून आलेलं आहे. माझ्या ओळखीच्या कुठल्याही आईने मुलाला ‘हार मानू नकोस’ असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ती म्हणते, धीर सोडू नको. किंवा, एवढ्यात हातपाय काय गाळतोस. किंवा, आता लावलंयस ना हाताला, मग तडीस ने. वैतागलेली असली तर म्हणते, ‘टाकलंस लगेच?’ या प्रत्येकाची चव वेगळी. हातपाय गाळणं घाबरल्यावर होतं, धीर सुटणं वाट पाहून पाहून होतं, टाकणं आळसाने होतं. आणि हात टेकणं वेगळंच: त्यात सगळं करून झालेलं असतं, म्हणून त्यात लाज नसते. ‘डॉक्टरांनी हात टेकले’ म्हणताना आपण डॉक्टरांना दोष देत नाही. इंग्रजीत या सगळ्यांना एकच दार, ‘गिव्ह अप’. सबटायटलच्या ओळीत जागा कमी असते, वाचायला दोन सेकंद मिळतात, म्हणून ‘हार मानू नकोस’ जिंकतं. पण मोकळी जागा मिळाली की मी थांबते आणि बघते, पडद्यावरचा माणूस घाबरलाय, कंटाळलाय की थकलाय.

शाळेत हे असं कुणी सांगितलं नव्हतं. मराठी माध्यमात तेव्हा इंग्रजी पाचवीपासून, आणि धड्याच्या शेवटी शब्दार्थ. तिथे ‘गिव्ह अप – सोडून देणे’, त्याखाली ‘गिव्ह अवे – देऊन टाकणे’, त्याखाली ‘गिव्ह इन – शरण जाणे’, आणि हे सगळं पाठ. एकच ‘गिव्ह’, पुढे दोन अक्षरी शेपूट बदलली की अर्थ पार दुसऱ्या गावाला. आम्हाला हा खास आपल्याला छळायला केलेला प्रकार वाटायचा. पुढे कळलं की इंग्रजांनाही याची जाणीव होती. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहिलं, की क्रियापदाला एखादं अव्यय जोडून अर्थ बदलायची आमच्या भाषेत फार खोड आहे आणि परक्यांना सर्वांत जास्त अडचण इथेच येते. त्याने दिलेल्या उदाहरणांत ‘गिव्ह ओव्हर’, म्हणजे थांबणं, हेही आहे. आपण ही क्रियापदं फार काळजीने नोंदली आहेत, तेव्हा यापुढे शिकणाऱ्याला ती अजिंक्य वाटू नयेत, अशी आशाही त्याने व्यक्त केली. बिचारा. त्यांना ‘फ्रेजल वर्ब’ हे नाव मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ साली ते वापरलं, आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवलं, असं त्यानेच नमूद केलं. म्हणजे नाव पडायच्या आधी कित्येक शतकं ही क्रियापदं बिननावाची सुखाने नांदत होती.

‘गिव्ह अप’ची एक फार जुनी नोंद मला आवडते. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठात बाराव्या शतकात लिहिलेली बखर आहे. तिच्यात ११३७ सालाखाली स्टीफन राजाची हकीकत येते. त्याने सॅलिसबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चॅन्सेलर रॉजर यांना धरून तुरुंगात घातलं, ते त्यांनी आपले किल्ले ‘वर देईपर्यंत’. त्या काळच्या इंग्रजीत ‘याफेन अप’ असं काहीसं वाचावं लागतं, पण ‘अप’ तिथे ठणठणीत उभा आहे. म्हणजे या क्रियापदाचं जुनं काम निराशेचं नव्हतंच. किल्ला ताब्यात देण्याचं होतं. किल्ल्या पुढे करायच्या, गडावरून खाली उतरायचं, आणि मागे वळून पाहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

किल्ला म्हटलं की मराठी माणूस आपल्या गडावर जाऊन उभा राहतोच, तशी मीही राहिले. जून १६६५. पुरंदरला मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांचा वेढा, मुरारबाजी पडलेले, आणि शिवाजी महाराज तहाला बसलेले. तेवीस किल्ले द्यायचे, चार लाख होनांच्या मुलखासकट. आपल्याकडे उरणार बारा. इंग्रजीत या कृतीला ‘गिव्ह अप’च म्हणतील, तेवीस किल्ले ‘गिव्ह अप’ केले. आणि तरी ‘शिवाजी महाराजांनी गिव्ह अप केलं’ असं वाक्य कुणी लिहिलं तर ते धडधडीत खोटं होईल. १६७० च्या सुरुवातीला कोंढाणा परत आला, पाठोपाठ पुरंदर आला, आणि पुढे बाकीचे येत राहिले. एकाच क्रियापदाची ही दोन वाक्यं, एक खरं आणि एक खोटं, आणि फरक फक्त कर्माचा. काय सोडलं ते सांगितलंत तर तो व्यवहार असतो. काय सोडलं ते न सांगता नुसतं ‘सोडलं’ म्हटलंत तर तो स्वभाव होतो. टी-शर्टवर कर्म नसतं. म्हणून तिथे सोडणारा प्रत्येक माणूस भेकड ठरतो.

मला या घोषणेचा राग येतो तो इथे. न जमणारं लग्न, पोटाला पीळ पाडणारी नोकरी, पाचव्यांदा द्यायची स्पर्धा परीक्षा: यांतलं काय सोडावं आणि काय धरून ठेवावं हा प्रश्नच ती पुसून टाकते. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत तिशीकडे झुकलेली मुलं पहाटेपासून बसलेली दिसतात. त्यांच्यातल्या एखाद्याला गावी जाऊन दुकान काढावंसं वाटत असेल, तर भिंतीवरच्या त्या ओळीखालून बाहेर पडायला त्याला केवढं धैर्य लागत असेल. त्याला ‘काय सोडतोयस?’ असं विचारलं तर तो सांगेल, ‘पूर्वपरीक्षा.’ तेवढंच. बाकी आयुष्य त्याच्याजवळ असतं.

खुद्द इंग्रजीत ‘गिव्ह अप’ला असं सरसकट कमीपण नाही, आणि त्याचा पुरावा त्यांच्या पंचांगात आहे. ईस्टरच्या आधी लेंट, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ, येतो, ॲश वेन्सडेपासून सुरू होतो, रविवार वगळून चाळीस दिवसांचा. त्या दिवसांत तिकडे एकमेकांना विचारतात: यंदा तू काय ‘गिव्ह अप’ करतोयस? चॉकलेट, दारू, अलीकडे समाजमाध्यमं. न सोडणारा तिथे ओशाळतो. आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवायचं म्हणून पॅनकेक करतात. हे वाचताना मला कांदेनवमी आठवली नसती तरच नवल. आषाढ शुद्ध नवमीला कांदाभजी, कांद्याची थालीपिठं, भरली वांगी, सगळं पोटभर खाऊन घ्यायचं, कारण दोनच दिवसांनी एकादशी आणि चातुर्मासाला कांदा-लसूण-वांगं बंद. सोडण्याआधी चापायचं, यावर दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांचं एकमत दिसतं. गोव्यात तर लेंटच्या आधीचे ते दिवस इंत्रूज म्हणून गाजतात. कार्निव्हालच्या मिरवणुका बघायला जाणाऱ्या आपल्या मंडळींना त्यामागे उपासाचे दिवस उभे आहेत, हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

काशीला जाऊन आवडती वस्तू सोडून यायची, हीही आपलीच रीत. जुन्या बायका त्यातून फार हुशारीने वाट काढत. कुणी रामफळ सोडून येई, कुणी पडवळ. आंबा सोडलेली बाई मी पाहिलेली नाही. पण ‘मी काशीत पडवळ सोडलंय’ हे वाक्य पंगतीत उच्चारताना चेहऱ्यावर जे तेज असे, ते काही पराभवाचं नव्हतं.

मराठीत सोडण्याचे संस्कारच आहेत, अगदी विधीसारखे. दान देताना हातावरून उदक सोडतात. त्यावरून पाणी सोडणं. उधार दिलेल्या पैशांवर आपण पाणी सोडतो, म्हणजे मनातल्या मनात दान करून मोकळे होतो. तुळशीपत्र ठेवलं की ती वस्तू देवाची झाली. त्यावरून घरादारावर तुळशीपत्र ठेवणं, आणि हे बहुतेक स्वातंत्र्यसैनिकांबद्दल वाचायला मिळतं. तिलांजली मृतांना देतात, तेव्हा तिलांजली दिलेली गोष्ट परत यायची नाही. रागाच्या भरात ‘मी राजकारणाला तिलांजली दिली’ म्हणणारे पुढच्या निवडणुकीला उभे राहतात, तो भाग वेगळा. आणि नोकरी सोडताना आपण जो कागद देतो, तो फारसीतून आलेला राजीनामा, राजी असल्याचा लेख. मागायला लावलेला असला तरी नाव तेच.

इंग्रजीतही अशी भारदस्त घराणी आहेत, फक्त ती फ्रेंच-लॅटिनकडून आलेली. सरेंडर, रिनाउन्स, रिलिंक्विश, ॲबडिकेट. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये ज्या दस्तावर सही केली, त्यात त्याने गादी ‘रिनाउन्स’ केली. बाहेर लोक म्हणाले, बाईसाठी त्याने गादी ‘गिव्ह अप’ केली. कागदावर एक भाषा आणि तोंडी दुसरी, हे तर आपल्याला सांगायला नको. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ‘हक्कसोडपत्र’ करून आलेला माणूस घरी येऊन एवढंच म्हणतो, ‘दिलं भावाला.’ मृत्यूच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांत साधंच क्रियापद टिकलं. इंग्रजी बायबलात येशूने ‘गिव्ह अप द घोस्ट’ केलं, आपल्याकडे प्राण सोडला. आता इंग्रज हे वॉशिंग मशीनबद्दल वापरतात. आपणही काही कमी नाही, आपल्या मिक्सरने परवाच मान टाकलेली असते.

आता त्या ‘अप’विषयी थोडं. वर जाण्याशी त्याचा संबंध कधीच तुटला आहे. ईट अप, यूज अप, टेअर अप, बर्न अप. मराठीत म्हणून बघा: खाऊन टाक, वापरून टाक, फाडून टाक, जाळून टाक. खाऊन टाकताना कुणी काही फेकत नाही, आणि ‘ईट अप’ करताना कुणी वर बघत नाही. दोघांचं काम एकच, कृती तळापर्यंत नेणं आणि वर बोलणाऱ्याचा सूर लावणं. लहानपणी ज्याची धास्ती घेतली होती, ते यंत्र आपल्या घरात आधीपासून चालू होतं. आपण क्रियापदामागे अव्ययाऐवजी दुसरं क्रियापद जोडतो एवढंच. करून टाक, करून ठेव, करून बस, करून दे, करून घे. ‘हे काय करून ठेवलंस?’ आणि ‘हे काय करून बसलास?’ यांतला फरक एखाद्या इंग्रजाला समजावून सांगायचा प्रयत्न करून पाहा. त्यालाही धड्याच्या शेवटचे शब्दार्थ पाठ करावे लागतील. आणि गंमत म्हणजे ‘गिव्ह अप’चं आपण शाळेत पाठ केलेलं मराठी, ‘सोडून देणे’, त्यातही देणं आहेच. त्यांच्याकडे ते मुख्य क्रियापद, आपल्याकडे मदतनीस.

मराठीजवळ आणखी एक जोडी आहे, जिच्यासाठी इंग्रजीत ‘गिव्ह अप’ची बहीण मला सापडत नाही: सोडणं आणि सुटणं. ‘तंबाखू सोडली का?’ असं विचारावं, तर समोरचा तळहात पुढे करून म्हणतो, ‘सुटत नाही हो.’ बघा, कर्ता बदलला. आता तंबाखूच त्याला सोडायला तयार नाही, तो बापडा काय करणार. ‘आय कान्ट गिव्ह अप’ म्हणणाऱ्या इंग्रजाला ही पळवाट नाही. तिथे ‘आय’ वाक्याच्या पहिल्या जागी छाती काढून उभा असतो. पण ही नुसती पळवाट नाही. कधी कधी ते निव्वळ सत्य असतं. ‘नोकरी सोडली’ आणि ‘नोकरी सुटली’ यांच्यामध्ये माणसाचं सगळं नशीब मावतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्याआधी ‘गिरणी सुटली’ म्हणजे पाळी संपली, माणसं घरी निघाली. त्यानंतर त्याच दोन शब्दांचा अर्थ लालबाग-परळमध्ये कायमचा बदलला. कोकणात परत गेलेल्या कुणालाही ‘तुम्ही गिरणी का सोडलीत’ असं विचारणं, हा व्याकरणाचाही अपराध झाला असता.

व्याकरणावरून आठवलं, गॅस. २७ मार्च २०१५ ला केंद्र सरकारने एक मोहीम जाहीर केली, ज्यांना परवडतं त्यांनी स्वयंपाकाच्या गॅसवरचं अनुदान आपणहून सोडावं. वर्षभरात, एप्रिल २०१६ पर्यंत, एक कोटीहून जास्त ग्राहकांनी ते सोडलं होतं. मोहिमेचं नाव होतं ‘गिव्ह इट अप’. इथे तो ‘इट’ मध्येच का बसला, हा माझ्या शिकवणीच्या दिवसांतला हमखास प्रश्न. नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं. सर्वनाम मात्र मध्येच, ‘गिव्ह अप इट’ म्हणता येत नाही. आणि पुढे क्रियापद यायचं असेल तर ते ‘स्मोकिंग’ असं येतं, ‘टु स्मोक’ असं नाही. हे दोन नियम सांभाळले की बरंच निभावतं. मोहिमेतली मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे: सरकारने कर्म सांगितलं होतं. नेमकं काय सोडायचं, ते ‘इट’ने बोट दाखवून सांगितलं होतं, म्हणून सोडणाऱ्याला मान मिळाला. इतक्या मोठ्या देशात या कामासाठी ‘पाणी सोडा’ का सुचलं नसावं, असं वाटलं होतं खरं. पण नळाच्या देशात त्याचा भलताच अर्थ निघाला असता.

अमेरिकन निवेदक ‘गिव्ह इट अप’ याच तीन शब्दांना ‘फॉर’ जोडून पाहुण्याचं नाव पुकारतो, तेव्हा त्याला टाळ्या हव्या असतात. सबटायटल करणाऱ्या एखाद्या नवख्याने तिथे ‘यांच्यासाठी सोडून द्या’ लिहिलं, तरी मी त्याला रागावणार नाही. आपल्याकडे ते ‘जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या’. एका टाळीसाठी तीन क्रियापदं आपणच लावू जाणे.

हा सगळा पसारा मी मांडला तो खरं तर एका वाक्यामुळे. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स कामावरून घरी जायला बसमध्ये बसल्या. पुढच्या जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. त्या भरल्या, एक गोरा प्रवासी उभा राहिला, तेव्हा ड्रायव्हरने त्यामागच्या, पार्क्स यांच्या रांगेतल्या चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठली. पार्क्स उठल्या नाहीत, आणि त्यांना अटक झाली. शहरातल्या काळ्या लोकांनी त्यानंतर ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. इंग्रजीत ही गोष्ट सांगताना ठरलेले शब्द असतात, त्यांनी सीट ‘गिव्ह अप’ करायला नकार दिला. आणि बरोबर एक कौतुकाची पुस्तीही असते, की बिचाऱ्या शिवणकाम करून दमल्या होत्या, पाय दुखत होते. पुढे १९९२ साली आत्मकथेत त्यांनी ही पुस्ती खोडून काढली. त्या म्हणतात: लोक नेहमी म्हणतात की मी दमले होते म्हणून सीट ‘गिव्ह अप’ केली नाही. ते खरं नाही. शरीराने मी दमलेली नव्हते, म्हातारीही नव्हते, बेचाळीस वर्षांची होते. दमणं म्हणाल तर मी दमले होते ते ‘गिव्हिंग इन’ने.

दोन्ही क्रियापदं एका दमात, आणि चर्चिलच्या नावाने जो घोळ घातला जातो तो इथे निस्तरलेला. सोडायला नकार दिला ती सीट, एक ठोस वस्तू. दमवलं ते नमण्याने. पहिल्या भागाचं मराठी आपोआप होतं, जागा सोडली नाही. दुसऱ्यासाठी ‘शरण जाणे’ चालत नाही. शरण एकदा जातात, या बाई रोजच्या गोष्टीबद्दल बोलत होत्या. ‘झुकणं’ जवळ येतं, पण त्यालाही हिंदी संवादांचा वास. मग सापडलं ‘नमतं घेणं’. आणि सापडल्यावर वाटलं, हे काय भलतंच. इंग्रज जिथे देतो, तिथे आपण घेतो?

हा ‘घे’ बघण्यासारखा आहे. मराठीत एखाद्या क्रियापदामागे घेणं लावलं की ती कृती स्वतःसाठी होते. जेवून घे, झोपून घे, लिहून घे. त्यात सांगणाऱ्याची माया असते आणि फायदा ऐकणाऱ्याचा. आता पुढची यादी वाचा. नमतं घे. पडतं घे. मिटतं घे. जुळवून घे. चालवून घे. सांभाळून घे. समजून घे. ही यादी कुणी कुणाला ऐकवते, हे लिहायची गरज नाही, सासरी निघालेल्या प्रत्येकीला ती तोंडपाठ असते. द्यायचं आपण, सोडायचं आपण, आणि वाक्य म्हणणार की हे तू तुझ्यासाठी घेतेयस. एखाद्या भाषेला यापेक्षा धूर्त कसं होता येईल, मला कळत नाही. माझी आत्या या यादीला ‘घेण्याची यादी’ म्हणायची आणि ‘एवढं घेऊन ठेवायचं कुठे’ असं विचारायची. तिच्याकडे मी नेहमी विनोदी बाई म्हणून बघितलं.

पार्क्स यांचा वरचा उतारा मला एका कामात मराठीत आणायचा होता. ‘दमले होते ते नमतं घेऊन घेऊन’, असं मी लिहिलं. ‘घेऊन घेऊन’ या दुहेरीत रोजचेपणा येतो, वर्षं येतात, आणि इंग्रजीच्या ‘-इंग’पेक्षा ते जरा जास्तच सांगतं, पण ते मी राहू दिलं. तपासणाऱ्याने समासात ‘सहन करून करून’ असं सुचवलं, वाचायला सोपं जाईल म्हणून. सोपं जातं, यात वाद नाही. पण सहन तर माणूस उन्हाळाही करतो आणि दाढदुखीही. नमतं घ्यायला समोर कुणीतरी लागतं, आणि माँटगोमेरीच्या त्या बसमध्ये ड्रायव्हर स्वतःची जागा सोडून त्यांच्या सीटपाशी येऊन उभा राहिला होता.